देश बदलला, जात बदलली नाही
जोगेंद्रनाथ मंडल यांचे जीवन



परमपूज्य बाबासाहेबांनी या देशाची घटना लिहिली, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण बाबासाहेब घटना समितीत पहिल्यांदा कोठून निवडून गेले, असा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक मुले मुंबई म्हणतात, काही नागपूर म्हणतात. बरोबर उत्तर बंगाल असे आहे. 1946 साली बंगालच्या विधानसभेतील सभासदांच्या मतांवर बाबासाहेब घटना समितीत गेले. ती मते जमविण्यासाठी ज्याने दिवसरात्र एक केली तो माणूस म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल.

पुढच्या एका वर्षात या माणसाचे गाव परक्या देशात गेले. त्या नव्या देशाचा तो पहिला कायदेमंत्री झाला. आणखी तीन वर्षांनी तो तेथून निघून आला आणि निर्वासितांमधला एक निर्वासित झाला. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-वडील गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत आणि रेल्वेत कामाला आले. गाव सुटणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. म्हणूनच या माणसाचे जीवन आपण मुलांना घेऊन वाचावे, असे मला वाटते.

पाण्याच्या मुलखातला मुलगा

जोगेंद्रनाथांचा जन्म 29 जानेवारी 1904 रोजी पूर्व बंगालमधील बाकरगंज म्हणजेच बारिसाल जिल्ह्यात, मैस्तारकांदी या खेड्यात झाला. कुटुंब शेतकऱ्याचे, जात नमशूद्र. तो सारा मुलूख नद्यांचा, खाड्यांचा आणि दलदलीचा. पावसाळ्यात एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर होडी लागे. या दलदलीत बांध घालून, पाणी हटवून तेथे भातशेती उभी केली ती नमशूद्रांनी. जमिनीची मालकी मात्र बहुधा सवर्ण जमीनदाराची आणि कर्जाची वही सावकाराची. शेजारच्या वाडीतला मुसलमान कूळ-शेतकरीही याच जमीनदाराच्या आणि याच सावकाराच्या तावडीत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. जोगेंद्रनाथांच्या पुढच्या राजकारणाचे मूळ येथे आहे.

या लोकांना पूर्वी चांडाळ म्हणत. पण ते मुकाट्याने सोसणारे नव्हते. 1872-73 मध्ये फरीदपूर आणि बाकरगंज भागातील या समाजाने सवर्णांची कामे करणेच बंद केले. पोटाला अन्न नसलेल्या माणसांचा संप फार काळ चालणे कठीणच, तरीही तो काही महिने चालला. त्याच काळात ओराकांदी येथील हरिचंद ठाकूर यांनी मतुआ पंथ सुरू केला आणि ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व झुगारून दिले. त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांनी शाळा काढण्याचे काम हाती घेतले. 1911 च्या जनगणनेत चांडाळ हे नाव जाऊन नमशूद्र हे नाव आले. एका नावासाठी एवढा झगडा कशाला, असे तुम्ही विचारणार नाही. आपल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर बौद्ध असे लिहून घेण्यासाठी ज्यांना शाळेच्या कचेरीत वाद घालावा लागला आहे, त्यांना नावाची किंमत कळते.

अशा जागृत झालेल्या समाजात जोगेंद्रनाथ शिकले. बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. पुढे कलकत्त्याला कायद्याचे शिक्षण पुरे केले आणि बारिसालला वकिली सुरू केली. अशील गरीब, फी थोडी, परंतु माणसे जोडली गेली. 1937 च्या निवडणुकीत त्यांनी राखीव जागेऐवजी बाकरगंज जिल्ह्यातील सर्वसाधारण जागा लढविली. विरुद्ध उभे होते काँग्रेसचे सरलकुमार दत्त. बारिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे ते पुतणे. एका नमशूद्र वकिलाने त्यांना हरविले आणि तो बंगालच्या विधानसभेत जाऊन बसला.

बाबासाहेबांची निवडणूक

आरंभी त्यांचा ओढा सुभाषचंद्र बोस आणि शरदचंद्र बोस या बंधूंकडे होता. पुढे सुभाषबाबू काँग्रेसबाहेर पडले आणि जोगेंद्रनाथही काँग्रेसपासून दूर झाले. जुलै 1942 मध्ये नागपुरास बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. 1943 मध्ये जोगेंद्रनाथांनी तिची शाखा बंगालमध्ये उभी केली. त्याच वर्षी नझिमुद्दीन यांच्या मंत्रिमंडळात ते सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्ज या खात्यांचे मंत्री झाले.

मुस्लिम लीगच्या मंत्रिमंडळात ते का गेले, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्यांचे उत्तर त्यांच्या मुलखातच होते. नमशूद्र शेतकरी आणि मुसलमान शेतकरी यांचे दुःख एक, पिळणारे हात एक. मग दोघांनी मिळून का राहू नये? शाळा, नोकऱ्या आणि कर्जमुक्ती यांसाठी जो हात देईल त्याच्याशी बोलणी करावयाची, असे त्यांचे धोरण होते.

1946 च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर पराभव झाला. बंगालमध्ये फेडरेशनचा एकच उमेदवार निवडून आला, तो जोगेंद्रनाथ. घटना समितीचे सभासद प्रांतांच्या विधानसभांनी निवडावयाचे होते. मुंबईच्या विधानसभेत बाबासाहेबांना निवडून देईल एवढे बळ फेडरेशनकडे नव्हते. अस्पृश्यांच्या सर्वात मोठ्या पुढाऱ्याला घटना समितीचे दार बंद होण्याची वेळ आली. तेव्हा जोगेंद्रनाथांनी बाबासाहेबांना बंगालमधून उभे केले आणि इतर पक्षांतील अनुसूचित जातींच्या आमदारांना भेटून त्यांची मने वळविली. पक्षाची शिस्त बाजूला ठेवून काहींनी मते दिली आणि बाबासाहेब निवडून आले.

पुढे फाळणीमुळे बंगालमधील ही जागा गेली. जुलै 1947 मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मधल्या वर्षभरात त्यांनी घटना समितीत जी छाप पाडली, तिची वाट बंगालच्या त्या मतांनी मोकळी केली होती. हे ऋण आपण विसरता कामा नये.

रेघ ओढली गेली

ऑक्टोबर 1946 मध्ये लीग हंगामी सरकारात सामील झाली. तिने आपल्या पाच जागांपैकी एक जोगेंद्रनाथांना दिली आणि ते कायदे खात्याचे मंत्री झाले. बाहेर मात्र आग लागली होती. 16 ऑगस्ट 1946 पासून कलकत्त्यात कत्तली झाल्या, ऑक्टोबरात नोआखाली पेटले. आपल्या माणसांनी या दंग्यांत कोणाच्याही बाजूने प्यादे होऊ नये, असे जोगेंद्रनाथ गावोगाव सांगत होते.

बंगालचे दोन तुकडे करण्यास त्यांचा विरोध होता. नमशूद्रांची वस्ती मुख्यत्वे पूर्वेकडच्या जिल्ह्यांत होती. फाळणी झाली तर हा समाज एका बाजूला सापडेल आणि त्याचे बळ मोडेल, हे त्यांना दिसत होते. त्यांच्या समाजातही एकमत नव्हते. गुरुचंदांचे नातू प्रमथरंजन ठाकूर काँग्रेसबरोबर होते. 20 जून 1947 रोजी बंगालच्या विधानसभेत मते पडली आणि फाळणी ठरली. बारिसाल, फरीदपूर आणि जेसोरचा मोठा भाग पाकिस्तानात गेला. खुलना जिल्ह्यात हिंदूंची संख्या निम्म्याहून किंचित अधिक होती, तरी तोही गेला. दलदल उपसून ज्यांनी ती जमीन केली होती, त्यांना कोणी विचारले नाही.

जोगेंद्रनाथांनी आपल्या लोकांबरोबर राहावयाचे ठरविले. ऑगस्ट 1947 मध्ये कराचीला पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली. 10 ऑगस्टला तात्पुरते अध्यक्ष म्हणून जोगेंद्रनाथांना खुर्चीवर बसविण्यात आले. दुसऱ्या दिवशी महंमद अली जीना अध्यक्षपदी आले. धर्माचा आणि राज्यकारभाराचा संबंध राहणार नाही, असे आश्वासन जीनांनी त्या दिवशी दिले आणि जोगेंद्रनाथांनी त्यावर विश्वास ठेवला. ते पाकिस्तानचे पहिले कायदे आणि कामगार मंत्री झाले. एका वेळी दोन शेजारी देशांचे कायदेमंत्री अस्पृश्य समाजात जन्मलेले होते: दिल्लीत बाबासाहेब आणि कराचीत जोगेंद्रनाथ.

येथे या दोघांची वाट वेगळी झाली, हे लपविण्याचे कारण नाही. नोव्हेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून पाकिस्तानातील अस्पृश्यांना भारतात निघून येण्याचा सल्ला दिला आणि लीगवर विसंबून राहू नये असे बजावले. परंतु निघून येणे सोपे नव्हते. कराचीतील भंगी कामगारांना सिंध सरकारने अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडवून धरले. इतर हिंदू जाऊ शकत होते, मैला उचलणारा जाऊ शकत नव्हता. बाबासाहेबांनी याबद्दल डिसेंबर 1947 मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बंधूंनो, विचार करा. देशाचे दोन तुकडे झाले, कोट्यवधी माणसे घरदार सोडून हलली. पण मैल्याची टोपली ज्याच्या डोक्यावर होती त्याच्याच डोक्यावर राहिली. आणि ज्या शहरात हे घडले, त्याच शहरात एक अस्पृश्य कायदेमंत्री बसत होता.

परतीची वाट

सप्टेंबर 1948 मध्ये जीना वारले. मार्च 1949 मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीने जो मूळ ठराव केला, त्यात राज्याचा पाया इस्लामवर ठेवला गेला. जोगेंद्रनाथांच्या खुर्चीचे वजन कमी होत गेले. डिसेंबर 1949 मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नमशूद्रांच्या गावात पोलिसांशी चकमक झाली. त्याचा सूड म्हणून गाव लुटले गेले, स्त्रियांची विटंबना झाली, घरे जमीनदोस्त झाली. फेब्रुवारी 1950 मध्ये ढाक्यात आणि मग बारिसालमध्येही कत्तली झाल्या. म्हणजे जोगेंद्रनाथांच्या स्वतःच्या जिल्ह्यात. ते त्या भागात फिरले. ज्या माणसांना त्यांनी गाव सोडू नका असे सांगितले होते, त्यांची जळालेली घरे त्यांना पाहावी लागली.

8 एप्रिल 1950 रोजी नेहरू आणि लियाकत अली यांच्यात अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला. तो कागदावरच राहतो आहे, असे जोगेंद्रनाथांना दिसून आले. ते कलकत्त्याला आले आणि तेथून 8 ऑक्टोबर 1950 ही तारीख घालून त्यांनी लियाकत अलींना मंत्रिपदाचा राजीनामा पाठविला. हे पत्र फार मोठे आहे. आपण लीगशी सहकार्य का केले, कोणत्या अपेक्षेने केले आणि ती अपेक्षा कशी फोल ठरली, याचा हिशेब त्यात गावांच्या नावांसह मांडलेला आहे. आपला अंदाज चुकला, हे त्यांनी जगासमोर लिहून दिले. पदावर असताना असे लिहिणारी माणसे थोडी असतात.

तुम्ही विचाराल, बाबासाहेबांनी 1947 सालीच जे सांगितले ते जोगेंद्रनाथांना तीन वर्षे उशिरा का कळले? प्रश्न रास्त आहे. त्या तीन वर्षांची किंमत त्यांच्या लोकांनी भोगली, हेही खरे आहे. परंतु त्याबरोबर हेही पाहा. ज्याच्याजवळ पैसा होता, कलकत्त्यात नातेवाईक होते, शिक्षण होते, तो फाळणीच्या आगेमागेच निघून गेला. नमशूद्राजवळ होती ती त्याची दोन-चार बिघे ओली जमीन आणि होडी. ती पाठीवर टाकून नेता येत नव्हती. जोगेंद्रनाथ त्या न जाऊ शकणाऱ्यांचे पुढारी होते.

छावणीतही जात

1950 नंतर नमशूद्रांचे लोंढे भारतात येऊ लागले. सियालदा स्टेशनच्या फलाटावर कुटुंबेच्या कुटुंबे पडून राहिली. आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांपैकी पुष्कळांनी कलकत्त्याच्या आसपास मोकळ्या जागा धरून वसाहती उभ्या केल्या. ओळखी आणि शिक्षण यांच्या बळावर त्यांनी त्या पुढे कायम करून घेतल्या. नमशूद्र शेतकरी मात्र राणाघाटच्या कूपर्स कॅम्पसारख्या सरकारी छावण्यांत अडकले. बंगालमध्ये जमीन नाही असे त्यांना सांगण्यात आले आणि त्यांची रवानगी दूर करण्याचे ठरले. 1958 मध्ये दंडकारण्य प्रकल्पाची यंत्रणा उभी झाली. ओरिसातील कोरापुट आणि मध्य प्रदेशातील बस्तर या जिल्ह्यांत, जंगल आणि खडकाळ माळ असलेल्या जमिनीवर त्यांना नेऊन टाकण्यात आले. पाण्याच्या मुलखातील माणूस विहिरीला पाणी लागत नाही अशा जागी आला. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींचे जंगल त्यामुळे कमी झाले, हा अन्यायही विसरून चालणार नाही. एका उपेक्षिताची सोय दुसऱ्या उपेक्षिताच्या जागेवर केली गेली.

जोगेंद्रनाथ आता मंत्री नव्हते. पाकिस्तानात ते देशद्रोही ठरले होते. कलकत्त्यात त्यांना मुसलमानी नाव लावून हिणविले जाई. छावणीतील लोकांत मात्र ते फिरत राहिले. निर्वासितांना बंगालबाहेर हाकलण्याविरुद्धच्या आंदोलनात ते उतरले. हजारो नमशूद्र एकत्र राहिले तर त्यांची संघटना राहील, निरनिराळ्या प्रांतांत विखुरले तर ती संपेल, हे त्यांचे म्हणणे होते. निवडणुका त्यांनी लढविल्या, पण ज्या मतदारांनी त्यांना 1937 साली निवडून दिले होते ते आता कोणत्याच एका मतदारसंघात उरले नव्हते. विधिमंडळात त्यांना पुन्हा जाता आले नाही. 5 ऑक्टोबर 1968 रोजी सरहद्दीजवळच्या बनगाव येथे त्यांचे निधन झाले. वय 64 होते.

त्यांची भीती खरी ठरली. 1978 मध्ये दंडकारण्यातील हजारो निर्वासित बंगालकडे परत निघाले आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हाताने झोपड्या, शाळा आणि बांध उभारले. जानेवारी 1979 मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. किती माणसे दगावली याचा आकडा आजवर वादाचा राहिला आहे.

दाखल्यावरचे नाव

हे सारे दूरच्या बंगालचे आहे असे समजू नका. याच निर्वासितांपैकी काही कुटुंबांना त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात वसविण्यात आले. आता तो भाग गडचिरोली जिल्ह्यात येतो. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावे आहेत. अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. नमशूद्र पश्चिम बंगालच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे एका भावाला बंगालमध्ये ठेवले आणि दुसऱ्याला सरकारनेच महाराष्ट्रात पाठविले, तर पहिल्याला दाखला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. विटाळ दोघांच्या आजोबांनी सारखाच सोसला होता. पुढे 2003 साली नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि कागदपत्रांचा प्रश्न या समाजापुढे पुन्हा उभा राहिला.

हे दुःख आपल्याला चटकन समजावे. 1956 साली आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्र सरकारच्या लेखी आपण एका दिवसात अनुसूचित जातींतून बाहेर पडलो. महाराष्ट्र शासनाने 1960 मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलायला 1990 साल उजाडले. मधल्या 34 वर्षांत आपल्या किती मुलांनी केंद्रातील राखीव जागेसाठी जुनी जात लिहावी की बौद्ध लिहावे, असा विचार करीत रात्री काढल्या असतील! माणूस स्वतःला काय म्हणवतो हे एक आणि सरकारच्या कागदावर काय लिहिले जाते हे दुसरे. या दोन्हींच्या मध्ये गरिबाची ओढाताण होते.

मग या जीवनातून आपण काय घ्यावे? जोगेंद्रनाथांच्या लोकांनी देश बदलला, भाषा बदलली, भातखाचर सोडून माळरान धरले. जात मात्र त्यांच्याआधीच जाऊन छावणीच्या दारात उभी राहिली होती. घर हलविले म्हणून जात सुटत नाही. आपणही गावकुसाबाहेरून शहरात आलो आणि येथेही भाड्याची खोली मागताना आडनाव विचारले जाते, हे आपण पाहिले आहे. बाबासाहेबांनी आपल्याला मन बदलावयास सांगितले ते याच कारणासाठी.

परंतु केवळ दीक्षा घेऊन भागत नाही, हेही याच जीवनातून दिसते. मतुआ लोकांची ओराकांदी सरहद्दीपलीकडे राहिली, तेव्हा प्रमथरंजन ठाकूर यांनी बंगालमध्येच ठाकूरनगर वसविले आणि विखुरलेला समाज तेथे पुन्हा जमू लागला. जेथे जाऊ तेथे एकत्र जमण्याची जागा, मुलांची शाळा आणि स्वतःचा विश्वासू पुढारी हवा. आपली वस्ती कितीही लहान असो, तेथे एक विहार असावे, रविवारी मुले जमावीत, कोणाच्या दाखल्याचे काम अडले असेल तर शिकलेल्याने अर्ज लिहून द्यावा.

आणि पुढच्या वेळी घटना समितीची गोष्ट घरात निघाली, तर मुलांना बंगालच्या त्या वकिलाचे नावही सांगा. गडचिरोलीकडे कधी जाणे झाले आणि बाजारात बंगाली बोलणारा शेतकरी भेटला, तर दोन शब्द बोला. त्याच्या आजोबांच्या मुलखाने आपल्या बाबासाहेबांना घटना समितीत पाठविले होते.